पिशवीचं ऑपरेशन

पिशवी हा शब्द पह्यल्यांदा डॉक्टर मॅडमनं वापरला, ललितनं नाही. एवढं एक त्याच्या बाजूचं बोलून घेते, पुढं बोलणार नाही. ललित माझा नवरा. तोंडावर मी त्याले अहो-जाहो करते, इथं करायची मले काही गरज वाटत नाही.

मी संध्या. तिवशाच्या तहसीलीत कारकून आहे, राहते अमरावतीले, रोज एसटीनं जाणं-येणं. माझी माय सुंदराबाई छातीच्या कॅन्सरनं गेली. तिच्याआधी तिची मोठी बहीण त्यानंच गेली. मायचं डावीकडचं काढलं होतं. त्या वक्ताले नवीन बनवून देतात हे आमाले कोणी सांगतलं नाही. माय ब्लाऊजच्या आत जुन्या लुगड्याचा बोळा घालून बाहेर जात होती. लग्नाच्या पंगतीत वाढाले वाकली की तो बोळा वर सरकायचा, पार गळ्यापाशी यायचा, आन् मी एवढीशी पोट्टी, दुरून तिले डोळ्यानं खुणवायची. माय पदर ओढून भिंतीकडं तोंड करायची आन् बोळा खाली दाबायची. मायच्या मरणाचा मले जेवढा धाक बसला तेवढाच त्या बोळ्याचा बसला, खोटं काहून बोलू.

रक्त तपासलं तं घराण्यातून येणारा तो दोष माझ्यातही निघाला. माझी लहान बहीण पिंकी अकोल्याले जठारपेठेत राहते, तिचंही रक्त धाडलं. तिचं साफ निघालं. मले आनंद झाला आन् रागही आला, दोन्ही एकाच टायमाले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, बिमारी अजून नाही, पण होण्याची शक्यता फार जास्त आहे. एकतर आयुष्यभर तपासत राहा, नाहीतर आधीच काढून टाका. मी म्हटलं काढा, आन् त्याच टेबलावर नवीन बनवून द्या. मले मरायचं नव्हतं, आन् बोळा घालूनही जगायचं नव्हतं.

मॅडमनं कागदावर चित्र काढून समजावलं. "आतला सगळा भाग काढायचा, वरची कातडी ठेवायची. कातडीखाली एक पिशवी बसवायची. त्या पिशवीत अधूनमधून सुईनं थोडं थोडं पाणी भरत जायचं. कातडी पुरेशी ताणली गेली की काही महिन्यांनी ही काढून कायमची बसवू." मंग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सगळा खेळ कातडीचा आहे. तिचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तुमची डावीकडची जास्तच पातळ आहे. सुरुवातीचे काही आठवडे ती जगली पाहिजे. ती मेली तर पिशवी ठेवता येत नाही."

मी डावी, डावी असं मनात घोकून राह्यली होती. ललित बाजूच्या खुर्चीवर बसून फरशी पाहून राह्यला होता. पण पिशवी हा शब्द त्यानं बरोबर उचलला.

ललित मराठीचा मास्तर आहे. नुसता मास्तर नाही, अमरावतीत कोणाचा सत्कार असो, जयंती असो, उद्घाटन असो, माईक याच्या हातात. जाकीट घालून उभा राह्यला की शब्द असे सोडते की म्हाताऱ्या बाया डोळे पुसतात. या माणसाले स्तन हा शब्द तोंडातून काढता येत नाही. "ते" म्हणते. "तिथं" म्हणते. लग्नाले एवढी वर्षं झाली, माझ्यासमोरही "ते"च म्हणते. शेजारच्यांनी विचारलं तं यानं सांगून टाकलं, पिशवीचं ऑपरेशन आहे. आमच्याकडं पिशवी म्हटलं की गर्भाची पिशवी. चाळिशी आली की निम्म्या बायांची निघते, त्यावर कोणी दुसरा सवाल करत नाही. मी चिडली तं म्हणाला, "खोटं कुठं बोललो मी? पिशवीच बसवून राह्यले ना." वरून हसला. त्याले वाटलं लय भारी कोटी झाली.

त्याच्या मायले मात्र खरं सांगणं भाग होतं, कारण मंग घर तिच्याच अंगावर पडणार होतं. मनकर्णाबाई तिचं नाव, वलगावले राहते, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करून हा जो मास्तर म्हणून मिरवते तो तिनं बनवला. ती मले म्हणाली, "दुखत नाही, खुपत नाही, गाठ नाही, तं काहून कापून घेतं वं? दुखायच्या आधी कोणी दात काढते काय?"

मी म्हटलं, "माह्या मायचा दात पाह्यला म्या, आई. म्हणून काढून राह्यली."

तिनं तोंड फिरवलं.

ऑपरेशन अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात झालं, म्हणून पह्यले काही दिवस मी पिंकीकडं होती. त्या दिवसांत काय काय होते ते सांगते, कारण मले कोणी धड सांगतलं नव्हतं. जाग येते तेव्हा छातीवर पाट ठेवून त्यावर कोणी बसलं आहे असं वाटते. दोन्ही बाजूंनी नळ्या निघालेल्या, नळ्यांच्या टोकाले प्लॅस्टिकचे फुगे, त्यात लाल पाणी जमते. ते फुगे गाऊनले आतून सेफ्टी पिनेनं लटकवायचे आन् तसंच संडासले जायचं. संडासचं तं विचारूच नका, दुखण्याच्या गोळ्यांनी पोट दगड होते. कुशीवर झोपता येत नाही, पालथं तं नाहीच, पाठीले उशांचा ढीग लावून बसल्या-बसल्या झोपायचं. पलंगावरून उठताना हाताचा जोर लावता येत नाही, म्हणून कोणीतरी पाठीमागून उचलायचं. हात खांद्याच्या वर जात नाही. फ्रिजचं दार ओढता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, स्वतःची वेणी घालता येत नाही. शिंक आली की जीव जाते. पिंकीनं एकदा काहीतरी चावटपणा केला, मी हसली आन् हसता हसता रडाले लागली, तं ती बिचारी माझे पाय धरून बसली.

आन् खाज. छातीच्या आत कुठंतरी खाज सुटते, जे काढून टाकलं त्यालेच सुटते. खाजवाले गेलं तं बोटाले कडक काहीतरी लागते, पण छातीले बोट लागलं हे समजत नाही. मॅडम बोलल्या होत्या, कातडी बधिर राहील, काही महिने, कदाचित कायमची. मले वाटलं होतं बधिर म्हणजे दाताच्या डॉक्टरकडं होते तसं, जरा जड. तसं नाही. दुसऱ्याच्या घरचं सामान आपल्या अंगावर ठेवल्यावाणी लागते.

पह्यली पट्टी बदलली तेव्हा मी पाह्यलं. सुजलेलं, जांभळं, एक वर एक खाली, टाके. पण दोन होते. मी पिंकीले म्हटलं, "दोन आहेत वं." ती म्हणाली, "हो ताई, दोन आहेत." आमी दोघी येड्यावाणी तेच तेच बोलत राह्यलो. ललित पट्टीच्या वक्ताले बाहेर जाऊन उभा राहायचा. म्हणे मले रक्त पाहवत नाही. रक्त नव्हतंच.

नळ्या काढल्या त्या दिवशी सिस्टरनं दारातून हाक मारली, "पेशंटचे मिस्टर कुठे आहेत? मॅडम बोलावतात." मी व्हीलचेअरवर, लिफ्टच्या समोर, पिंकी माझी खुर्ची धरून. ललित आत गेला. मॅडमनं ते मलेच सांगाले पाहिजे होतं, पण बाईचं बाईले कोणी सांगत नाही, तिच्या मिस्टरले सांगतात. तो बाहेर आला, रुमालानं मान पुसली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"आराम करायचा. वजन उचलायचं नाही, हात वर करायचे नाही. बाकी नेहमीचंच."

"नेहमीचं काय?"

"अवं नेहमीचंच," तो म्हणाला आन् लिफ्टचं बटन दाबलं.

अमरावतीले कारनं निघालो. पिंकीनं सीटबेल्ट आन् छातीच्या मधात उशी कोंबून दिली. बडनेरा येईपर्यंत जेवढे गतिरोधक लागले तेवढ्यांदा मी ललितच्या खानदानाचा मनातल्या मनात उद्धार केला.

घरी मनकर्णाबाई आली होती. ती कामाले वाघीण, पण बोलाले कोरडी. ताट समोर ठेवायची आन् निघून जायची. माझी वेणी घालायची तं एवढी कचकचून की डोळे ताणले जायचे. दात अजून तिच्या मनातून गेला नव्हता. त्यात भेटाले येणाऱ्या बाया. समोरच्या घरातली गीतांजली दुसऱ्याच दिवशी हजर झाली, स्वभावानं बरी आहे, पण तोंडाले लगाम नाही.

"संध्याताई, टाके आडवे पडले का उभे?"

ललित तिथंच बसला होता. त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी पोटावर हात ठेवला आन् म्हटलं, "आडवे."

"मंग बरं. पण आता शेक चुकवू नका. माह्या जावेची पिशवी काढली, तिनं शेकलं नाही, आता खाली बसली की तिले दोघांनी उठवा लागते. आजी, तुमी शेका हो संध्याताईले."

मनकर्णाबाई दारात उभी राहून ऐकून राह्यली होती. माझी छाती ताणून फाटून राह्यली होती आन् हात पोटावर. त्या पोटाले काहीच झालं नव्हतं. गीतांजली जाईपर्यंत मी तो हात तसाच ठेवला.

मंग पह्यलं पाणी भराले पुन्हा अकोल्याले गेलो. मॅडमनं डावीकडं लय वेळ पाह्यलं, बोटानं दाबून रंग परत कसा येते ते पाह्यलं, उजेडात नेऊन पाह्यलं. मी श्वास धरून बसली होती.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "जगली तुमची डावी. अजून थोडे दिवस जपा."

मी तिथंच रडली. मॅडमले वाटलं सुईच्या भेवानं रडून राह्यली, त्या म्हणाल्या, सुई तुम्हाला समजणारसुद्धा नाही. खरंच नाही समजली. समजलं ते घरी आल्यावर. पिशवी भरली की आतून मास ओढलं जाते, पाठीतून, खांद्यातून, बगलेतून कळा येतात, श्वास पुरा घेता येत नाही. तरी मी खुश होती. असं दुखत असतानाही माणूस खुश राहू शकते हे मले तेव्हाच समजलं. आरशात पाह्यलं तं डावी उजवीच्या बरोबरीले आल्यावाणी दिसून राह्यली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईनं मले अंग पुसून दिलं. तोवर तिनं कधी नीट पाह्यलं नव्हतं, डोळे बाजूले ठेवूनच पुसायची. त्या दिवशी माझ्या तोंडातून कण्हणं निघालं, तं तिनं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग आपला खरबरीत हात डावीकडं ठेवला. मले त्या हाताचं फक्त वजन समजलं.

"लय कडक झालं वं, बाई," ती म्हणाली. "बाळंतिणीचं दूध साकळते ना, तसं झालं. दुखत असन."

"दुखते, आई."

"मले काय ठावं एवढं दुखते. मले वाटलं, शिकलेली पोरगी, हौसेनं कापून आली." तिनं टॉवेल पिळला. "तुही माय असती तं तिनं केलं असतं तुह्यं. आता म्याच हाये."

एवढे दिवस मी त्या घरात दगडावाणी पडली होती आन् त्या एका वाक्यानं माझा बांध फुटला. ती माझं तोंड पुसून देत होती आन् मी रडत होती.

पुढचं मले नंतर समजलं, पण इथंच सांगते. ती बाहेर गेली. ललित आरशासमोर जाकीट चढवून राह्यला होता, दुपारी कोण्यातरी निवृत्त साहेबाचा सत्कार होता. तिनं त्याले विचारलं, "पोरीले लय दुखून राह्यलं रे. तठी शेकलं तं चालन काय?"

अकोल्याले मॅडमनं त्याले केबिनमध्ये बसवून साफ सांगतलं होतं. स्तनांची कातडी बधिर आहे, तिले गरम समजणार नाही, भाजलं तरी समजणार नाही, म्हणून कोणताही शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, काहीच गरम नाही. हे सगळं त्याले मायसमोर बोलायचं होतं. त्यातला एकच शब्द त्याले बोलता येण्यासारखा सापडला.

"पिशवी लावायची नाही म्हणाल्या डॉक्टर," तो भांग पाडता पाडता म्हणाला.

"पिशवी नाही, बरं," ती म्हणाली. आन् तो सत्काराले गेला.

दुपारची गोळी घेऊन मी उशांना टेकून पडली होती. ओव्याचा वास आला. मनकर्णाबाई शेगडी आन् तवा घेऊन आत आली. आपल्या जुन्या मऊ लुगड्याच्या घड्या, त्यात ओव्याची पुरचुंडी. तिनं गाऊनची बटनं काढली, ऑपरेशननंतर छातीले बांधायचा तो आतला पट्टा, त्याचे हूक काढले. प्रत्येक घडी तव्यावर टेकवून आधी स्वतःच्या गालाले लावून पाहायची, मंग माझ्यावर ठेवायची. पण ते कापड घडीघडीनं आतून जास्त तापत जाते, आन् तिनं ते डावीकडंच जास्त वेळ ठेवलं, कारण तिथंच जास्त कडक होतं. गळ्याच्या हाडापाशी आन् बगलेत मले ऊब समजून राह्यली होती. छान वाटून राह्यलं होतं. मधात काहीच समजत नव्हतं, पण मधात मले कितीतरी दिवस काहीच समजत नव्हतं.

"बरं वाटते काय?"

"वाटते."

ती मले ललितच्या जन्माची गोष्ट सांगत होती. वलगावले कसं तिचं दूध साकळलं, ताप भरला, आन् तिच्या सासूनं रात्रंदिवस कशी शेकली. ऐकता ऐकता माझा डोळा लागला. ऑपरेशन झाल्यापासून मी पह्यल्यांदा अशी गाढ झोपली. त्या घरात कोणी माझ्या अंगाले मायेनं हात लावला ती तेवढी एकच दुपार, ती मी अजून आठवते.

दिवे लागल्यावर ती पट्टा बसवाले आली आन् थांबली. डावीकडं लाल चट्टा, त्यावर पाण्यानं भरलेले फोड. एक फुटला होता, पट्टा ओला झाला होता. मले काही समजलं नव्हतं. मी खाली पाह्यलं आन् मले समजलं की माझी डावी गेली.

मनकर्णाबाईनं ललितले हाक मारली. तो सत्काराची शाल हातात घेऊन आला. इतक्या दिवसांत त्यानं पह्यल्यांदा माझी छाती पाह्यली, ती अशी.

"हे काय करून ठेवलं माय तू," तो म्हणाला.

सकाळी अकोला. मॅडमनं पाह्यलं आन् माझ्याशी न बोलता त्याच्याकडं वळल्या. "शेक दिला? मी तुम्हाला इथे बसवून सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं." ललित बोलला, "घरी आई असते. जुन्या वळणाची आहे." मी त्याच्याकडं पाह्यलं. तो टेबलावरचा पेपरवेट पाहून राह्यला होता. तेव्हा मले समजलं की नेहमीचंच म्हणजे काय होतं.

मलम झालं, अँटिबायोटिक झाले. मी पिंकीच्या घरी राहून रोज आरसा पाहायची. लाल होतं ते जांभळं झालं, जांभळं होतं ते काळं झालं. पिंकी आरसा लपवाले लागली, तं मी तिच्यावर ओरडली. शेवटी डावीकडची पिशवी काढावी लागली, मेलेली कातडी कापून उरलेली ओढून शिवली. मॅडम म्हणाल्या, कातडी चांगली भरून आली तर वर्षभरानं विचार करू, पण वचन देत नाही. उजवी आहे. डावीकडं आडवी एक रेघ आहे आन् खाली बरगड्या.

घरी आली तं मनकर्णाबाई वलगावले जायची थैली भरून बसली होती. मी अकोल्याले असताना ललित फोनवर सगळ्या सोयऱ्यांना सांगून राह्यला होता, माय अडाणी, तिनं शेकलं. ती ते ऐकत होती आन् भाकरी थापत होती. जेवत नव्हती. मले पाहून उठली, पण जवळ आली नाही.

"जातो म्या," ती म्हणाली. "माह्या हाताले जळो. तुह्यं वाटोळं केलं म्या."

"आई, थांबा. खाली बसा," मी म्हटलं. "डॉक्टरनं यायले, तुमच्या पोराले, सांगतलं होतं. शेकायचं नाही म्हणून. दोनदा सांगतलं होतं."

तिनं ललितकडं पाह्यलं. "तुले ठावं होतं?"

"मी सांगतलं ना तुले, पिशवी लावायची नाही."

"हो. तं म्या कुठी लावली पिशवी?" ती म्हणाली. "म्या समजली, रबराची पिशवी फुटते, जड होते, म्हणून डॉक्टर नाही म्हणत असन. म्या कापडानं शेकलं. हलक्या हातानं शेकलं."

"अवं पण गरम काहीच नको, असाच त्याचा अर्थ होते ना."

"मंग तसं सांगाले तुह्यं तोंड दुखत होतं काय? तिले भाजलं तं समजत नाही, एवढं सांगाले?"

ललित म्हणाला, "आता तुह्याजवळ ते... तिथलं... कसं बोलू, माय."

"तिथलं म्हणजे कुठचं रे?" मनकर्णाबाईचा आवाज चढला नव्हता. "तू काय पिऊन मोठा झाला? गावभर माईक घेऊन हिंडते, आन् ज्याच्यावर वाढला त्याचं नाव घ्यायची तुले लाज वाटते?"

तो बाहेर निघून गेला. माफी त्यानं मागितली नाही, तिचीही नाही आन् माझीही नाही. संध्याकाळी माझ्यासाठी नारळपाणी आणलं आन् ग्लासात ओतून समोर ठेवलं. मी ते मोरीत ओतलं. त्यानं ते पाह्यलं आन् पेपर वाचत बसला. मनकर्णाबाईनं थैली उपसली आन् राह्यली.

त्यानंतरचे दिवस पह्यल्या वेळेसारखेच, फक्त एका बाजूनं. हात वर जात नाही, वेणी तीच घालते, आता कचकचून नाही. कामावर जायचा दिवस जवळ आला तसा माझा जीव खालीवर व्हाले लागला. तहसीलीत माझ्या टेबलासमोर दिवसभर लोक उभे राहतात. मी ओढणी अशी घेऊन पाह्यली, तशी घेऊन पाह्यली. डावीकडं ड्रेस आत जाते, लपत नाही. मनकर्णाबाई दारातून पाहून राह्यली होती. ती पेटीतून सुईदोरा काढून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

दुपारून गीतांजली संत्री घेऊन आली. ललित घरी होता, त्यानं खुर्ची दिली.

"पुन्हा अकोल्याले नेलं म्हणते, संध्याताई. काय झालं वं?"

मी बोलायच्या आधीच ललित बोलला, "काही नाही, तेच. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये जरा इन्फेक्शन झालं." आन् माझा हात, मले न विचारता, सवयीनं पोटावर गेला.

गीतांजली चुकचुकली. मंग तिचं ध्यान मनकर्णाबाईकडं गेलं. ती भिंतीले टेकून, चष्मा नाकावर, लुगड्याच्या तुकड्यात कापूस भरून टाके घालून राह्यली होती. शेकलं तेच लुगडं होतं.

"आजी, काय शिवून राह्यल्या?"

"पिशवी," मनकर्णाबाई म्हणाली.

"कशाची?"

"माय, तू चहा ठेव बरं आधी," ललित म्हणाला.

"छातीची," मनकर्णाबाई म्हणाली. सुई थांबली नाही. "संध्याची गर्भाची पिशवी नाही काढली, गीतांजली. तिचे दोन्ही स्तन काढले. बिमारी येऊ नये म्हणून काढले, तिची माय त्यानंच मेली. डॉक्टरनं नवीन बनवून दिले होते. डावा म्या शेकून जाळला. मले कोणी सांगतलं नव्हतं की तिले भाजलं तं समजत नाही. ज्याले सांगतलं होतं थो हा बसला."

गीतांजलीच्या हातातलं संत्रं सोलायचं राह्यलं. ललित उठला, चप्पल घातली, गाडीची किल्ली शोधल्यावाणी केली आन् गेला. किल्ली टीव्हीवरच होती. त्याले अडवाले कोणी उठलं नाही.

मी पोटावरचा हात काढला आन् जिथं ठेवायचा होता तिथं ठेवला. गीतांजली बिचारी एवढंच म्हणाली, "दुखते का वं, ताई?" मी म्हटलं, "जळलं तिथं नाही दुखत. तिथं काहीच समजत नाही."

मनकर्णाबाईनं दोरा दातानं तोडला, पिशवीवर थाप मारून कापूस सारखा केला आन् उठून माझ्याजवळ आली. गीतांजलीच्या समोरच तिनं माझं वरचं बटन काढलं, पिशवी डावीकडं आत ठेवली, बटन लावलं, आन् दोन पावलं मागं सरून चष्म्यातून पाह्यलं.

"मोठी झाली काय वं?" तिनं विचारलं.

मी वरून हात फिरवून पाह्यला. वाकून पाह्यलं. ती वर सरकली, गळ्यापाशी आली, आन् मी भिंतीकडं तोंड करून ती खाली दाबली.

"नाही," मी म्हटलं. "माह्या मायचीही एवढीच होती."